रेघेवरचा ठोका

आमच्या छपाईच्या दुकानातला गणपती एकतीस ठोक्यांचा आहे. भंडाऱ्यात छापल्या जाणाऱ्या कितीतरी लग्नपत्रिकांवर तोच बसलेला असतो आणि आजवर एकाही वरमायने येऊन ‘गणपतीचं काहीतरी कमी दिसतंय हो’ असं म्हटलेलं नाही. हा गणपती मी विकत आणला तेव्हा चार हजारांवर ठोक्यांचा होता. बाकीचे शालिकजींनी काढले. एकेक करून, अकरा दिवस, मान वर न करता. मी मधूनमधून जाऊन पाहायची. सोंड होती तशीच, पोट होतं तसंच, मोदकसुद्धा जागेवर. एवढं सगळं गेलं होतं आणि गेलं काय ते सांगता येत नव्हतं. मी काही फार देवभोळी नाही, पण त्या दिवशी हात जोडले. गणपतीला की शालिकजींना, ते मलाही ठाऊक नाही.

‘ठोका’ हा त्यांचा शब्द. कॉम्प्युटरवर रेघांनी काढलेल्या चित्रात प्रत्येक रेघ ठिकठिकाणी एकेका बिंदूला बांधलेली असते. बिंदू सरकवला की रेघ वळते. आता हे सगळे बिंदू चित्र दाखवताना कॉम्प्युटरला एकाच वेळी सांभाळावे लागतात, आणि आमचा कॉम्प्युटर बाबांच्या काळातला. रॅम एवढीशी. पत्रिकेवर दोन मोर आणि एक पालखी टाकली की तो गप्प बसायचा. मी त्याला थापटायची, शिव्या द्यायची, शेवटी वायर उपटायची. शालिकजी म्हणाले, “त्याच्यावर कायले चिडता बाई? आपन त्याले हजार रेघा धराले देतो. थो धरते, धरते, मंग त्याचे हात भरतात. आपन म्हनतो हँग झाला. हात भरलेला मानूस बोलीन कसा?”

मग मी नवीन रॅम आणायचं काढलं. तर म्हणाले, “नोका आनू. पेटी मोठी आनली का मानूस गाठोडं मोठं बांधते.” आणली नाही. दुकानाची मालकीण मी आहे, हे मला अधूनमधून स्वतःला सांगावं लागतं.

शालिकजी सत्तरीला टेकलेत. सडपातळ बांधा, पांढरा पायजमा, सदऱ्याला वरून तीनच बटणं. खालची दोन त्यांनीच काढून टाकली, कारण सदरा डोक्यातूनच घालायचा असतो, मग ती काय काम करून राहिली? हा त्यांचा ठरलेला प्रश्न. “हा काम काय करून राहिला?” माणूस असो, शब्द असो की भाजीतली फोडणी, त्यांच्यासमोर आलं की आधी या प्रश्नाला उत्तर द्यायचं. एकदा त्यांना जेवायला बोलावलं होतं. वांग्याच्या भाजीतलं गोडलिंबाचं पान उचलून त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, “हा काम काय करून राहिला?” नवरा म्हणाला, “वास देतो.” शालिकजी म्हणाले, “देऊन झाला ना? मंग जाऊ द्या त्याले,” आणि पान ताटाबाहेर ठेवलं. सेवानिवृत्त माणसाला निरोप द्यावा तसं, अगदी आदराने.

मूळचा त्यांचा धंदा भांड्यांवर नावं घालण्याचा. भंडारा म्हणजे पितळेचं गाव. आमच्या दुकानासमोरच्या भांडेवाल्याच्या ओट्यावर ते विजेची सुई घेऊन बसत. लग्नसराईत दिवसभर टर्रर्र टर्रर्र चालायचं. त्या सुईने अक्षर म्हणजे नुसते ठोकेच, एकापुढे एक. “पातळ पितळ राहाते बाई. एक ठोका जास्त पडला का गुंड गळते,” असं ते सांगत. गुंड म्हणजे आमच्याकडची पाण्याची पितळी घागर. लोक ‘चि. सौ. कां. हिला तिच्या लाडक्या मामाकडून सप्रेम भेट’ असा मजकूर घेऊन यायचे. शालिकजी तो वाचायचे, गुंड हातात फिरवायचे आणि ‘मामा’ एवढंच घालून द्यायचे. भाचीला कळलं म्हणजे झालं. तक्रार करायला आलेला एक मामा तासभर बोलून शेवटी त्यांच्याकडूनच चहा पिऊन गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पुढे लोक पितळ घेईनासे झाले, नावं घालून घेणं तर त्याहून कमी. एक दिवस पाणी प्यायला म्हणून शालिकजी दुकानात आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. पडद्यावर मी एका पाटीची अक्षरं नीट करत होते, सगळे बिंदू उघडे पडलेले. बराच वेळ पाहून म्हणाले, “हे तं आपलंच काम हाये. पन लयच गळून राहिलं.” मी हसले. दुसऱ्या दिवशी ते खुर्चीवर बसले, मी मागे उभी होते. अजून तशीच आहे.

आले तेव्हा सोबत एक पितळेचा गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, घेऊन आले. तो टेबलावर डाव्या हाताला असतो. भंडाऱ्यातल्या अर्ध्या भांड्यांवर ज्यांनी नावं घातली, त्यांच्या गडव्यावर मात्र नाव नाही. मी विचारलं तर म्हणाले, “एकल्याच्या भांड्याले नाव कायले पायजे? अदलाबदल होईन कोनासंग?” मला तेव्हा हे विनोदी वाटलं होतं. मी ते चार ठिकाणी सांगितलंही.

त्यांची कारागिरी सांगायची तर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचं सांगते. कार्यकर्त्यांनी हुकूम केला होता की साहेबांच्या गळ्यात झेंडूचा हार हवा, आणि हार असा की रस्त्यावरून ट्रकवाल्याला दिसला पाहिजे. मी आठशे फुलं टाकली. कॉम्प्युटरने मान टाकली. कार्यकर्ते दारात उभे, साहेब दुसऱ्या दिवशी जन्मणार. शालिकजींनी सगळा हार पुसला. एक फूल काढलं, नऊ ठोक्यांचं. मग बाकीच्या सगळ्या जागी फूल ठेवलंच नाही, नुसती खूण ठेवली, की इथे तेच फूल पाहून घे. “बांधीतली एक लोंबी नीट काढाची,” ते म्हणाले, “बाकीच्या बांधीले सांगाचं, ‘अशीच’.” बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं खाचर. फाइल क्षणात उघडली. आठशे फुलं डोलत होती आणि कॉम्प्युटरच्या हातात एकच. मी कितीतरी वेळ पाहत बसले. जादूगार टोपीतून ससा काढतो, यांनी हार टोपीत घातला होता.

पडद्यामागचं ते कधी ठेवत नाहीत. मंडपाच्या चित्रामागे कुणी अख्खी वरात लपवून ठेवलेली असते, म्हणजे दिसत कुणालाच नाही पण कॉम्प्युटर बिचारा घोड्यासकट सगळ्यांना उचलून उभा. शालिकजी शोधून शोधून एकेकाला घरी पाठवतात. पण त्यांचा सगळ्यात मोठा राग सरळ रेघेवरच्या ठोक्यावर. “दोन टोकं धरले का रेघ आपोआप सरळ जाते. मधात उभा राहून हा कोनाले धरून राहिला? चोर हाये थो.” दुकानात आल्या आल्या त्यांनी मला पहिली शिकवणी दिली ती हीच. रेघ सरळ असेल तर मधला ठोका दिसताक्षणी उडवायचा, विचारसुद्धा करायचा नाही. माझ्या बोटांना ती सवय इतकी लागली की स्वप्नातसुद्धा मी डिलीट दाबत असेन.

म्हणजे माणूस नुसता कापाकापी करणारा, असं वाटेल. तसं नाही. लाखनीकडचं एक गिऱ्हाईक आलं होतं. पत्रिकेच्या तळाला ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ आणि खाली चौदा पोरांची नावं. शालिकजींनी विचारलं, “हे चौदा पोट्टे काम काय करून राहिले?” गिऱ्हाईक कळवळून म्हणालं, “एकाचं बी नाव काढलं तं घरात भांडण होते जी.” शालिकजी थांबले. नावं पुन्हा एकदा वाचली. “मंग काम करून राहिले,” म्हणाले, “राहू द्या सारे.” आणि बारकी सोनी सगळ्यात शेवटी कोपऱ्यात दबली होती, तिचं नाव सरकवून जरा उजेडात आणलं.

शालिकजी दुकान उघडायच्या तासभर आधी येतात. किल्ली त्यांच्याकडेच. मला वाटायचं झाडलोट करत असतील. एका सकाळी मी लवकर पोहोचले तर ते समोरच्या टपरीवर चहा घेत होते आणि कॉम्प्युटर साफ मुका झालेला. पडद्यावर एक फाइल अर्धवट उघडलेली, नाव ‘गाव’. आमच्या सगळ्या गणपतींची, मोरांची, पुढाऱ्यांची मिळून होणार नाही एवढी मोठी. ज्या माणसाने मला एक ठोका जास्त ठेवू दिला नाही, त्याची ही फाइल! मी तर कंबर कसून दारातच उभी राहिले.

आले. माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. पिशवीतून शाळेच्या वह्या काढून टेबलावर ठेवल्या. सात वह्या होत्या.

त्यांचं गाव बोरटोली. वैनगंगेच्या काठावर होतं. धरणाचं पाणी मागे फुगत आलं तसं गाव उठलं. काही घरं सडकेकडच्या नव्या कॉलनीत गेली, काही पाहुण्यांकडे, काही कुठल्या कुठे. वर्षातून एकदा, मातामायच्या म्हणजे गावदेवीच्या पूजेला, सगळे पाण्याच्या काठी जमतात. जमले की म्हाताऱ्यांची भांडणं होतात. कुणाच्या घरामागे कुणाची विहीर, चिंचेचं झाड कुणाच्या हद्दीत. पोरांना तर त्यातलं काहीच माहीत नाही. शालिकजी कितीतरी वर्षं सुट्टीच्या दिवशी एकेका म्हाताऱ्याच्या दारी बसून हे लिहून आणत होते आणि सकाळच्या त्या तासात काढत होते. अख्खं गाव, घराघरासकट.

“बाई,” ते म्हणाले, “येवढा छापून द्या. दहा फूट. परवा पूजा हाये. ज्याईनं ज्याईनं सांगतलं, त्यातले चार जन गेले. यंदा नाई झाला तं पाहाले कोन राहीन?”

इतक्या वर्षांत त्यांनी मला मागितलेली ही पहिली गोष्ट.

छपाईला लावलं आणि कॉम्प्युटर बसला. पुन्हा लावलं, पुन्हा बसला. दुपारपर्यंत तीनदा झालं. फाइल आतून पाहिली तेव्हा कळलं का. घर म्हणजे नुसतं घर नव्हतं. अनसूयाबाई म्हणून एका म्हातारीच्या गोठ्याचा खचलेला कोपरा होता, कुणाच्या दारातला वाकडा शेवगा होता, ओट्याची तुटकी पायरी तुटकीच होती. प्रत्येक विहिरीच्या काठाचा प्रत्येक दगड वेगळा. मी चकित झाले होते, पण वेळ निघून चालला होता, आणि मी वैतागले की गुरूचीच विद्या गुरूला शिकवते.

“शालिकजी, तुम्हीच सांगता ना? एक घर नीट काढा, बाकीच्यांना सांगा ‘असंच’. दगड काढा, शेवगा काढा, पायऱ्या काढा. दहा मिनिटांत छापून देते.”

त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. तेव्हाही चढला नाही, उलट उतरला. “कॉलनीत सारे घरं ‘असेच’ हायेत बाई. एक पाहालं का सारे पाहून झाले. गावात नव्हते तसे. ह्याच्यातला येकही ठोका बिनकामाचा नाई.”

 ते उठून दारात गेले, रस्त्याकडे पाहत उभे राहिले. परत आले ते बाह्या वर करून. “आपन येडे हावोत,” म्हणाले. “सारी बांधी येका वक्ती कोनी रोवते का? पात धराची. थेवढीच रोवाची, आन मांगं सराचं.”

आणि रोवणीत एकेक पट्टा धरतात तशा त्यांनी गावाच्या पाती पाडल्या. आडव्या, एकाखाली एक, चोवीस. एका पातीत जेवढं गाव येतं तेवढंच कॉम्प्युटरच्या हातात द्यायचं. ते छापून झालं की हात रिकामे करून घ्यायचे, आणि मग पुढची पात. मशीन थांबलं नाही, कॉम्प्युटर बसला नाही. तीच एवढीशी रॅम, तोच मुका प्राणी. मी कॉम्प्युटरवर बसून एकेक पात उघडत, तपासत आणि पाठवत होते. शालिकजी मागच्या खोलीत मशीनसमोर उभे. नदीकडची शेतं आली, मातामायचं ठाणं आलं, चिंचेचं झाड आलं. त्याच्या फांद्या दोन पातींत तुटल्या होत्या, पण छापून आल्यावर सांधा शोधून सापडेना. मी तीनदा उठून, भिंग लावून पाहिलं.

सतराव्या पातीत एक घर आलं आणि मी थबकले. त्याला काहीच नव्हतं. चार ठोके, चार रेघा, संपलं. ना ओटा, ना झाड, ना विहीर. मला वाटलं राहून गेलं असेल. वहीत पाहिलं तर त्या जागेपुढे लिहिलं होतं, ‘आपलं’. शालिकजींचं स्वतःचं घर. मला हसूही आलं आणि कौतुकही वाटलं. काटकसर करायची ती घरापासून!

आणि तेवढ्यात दिसलं की ठोके चार नाहीत, पाच आहेत. समोरच्या भिंतीच्या सरळ रेघेवर, मध्याच्या जरासा डावीकडे, एक ठोका. काही न करणारा. चोर. माझं बोट विचार न करता गेलं आणि डिलीट दाबून आलं. पात सेव्ह केली, पाठवली, बंद केली. मग मोठ्या तोऱ्यात हाक मारली, “शालिकजी, तुमच्याच घरात चोर सापडला! सरळ रेघेवर बसला होता. उडवला.”



“कोन्या भितीवरचा?” त्यांनी मागच्या खोलीतूनच विचारलं.

“समोरच्या.”

ते आले. मला खुर्चीवरून उठा म्हणाले नाहीत, पण मी उठले. त्यांनी ती पात पुन्हा उघडली. घर शोधलं. रेघेवर कर्सर नेला, एकदाच, न मोजता, आणि ठोका ठेवला. जिथून मी काढला होता बरोबर तिथेच.

“छापून झालंय ते,” मी म्हटलं. “आणि तसाही तो छापल्यावर दिसत नाही.”

“मले मालूम हाये.”

मग माझ्या तोंडून तेच निघालं जे इतकी वर्षं त्यांच्या तोंडून ऐकत आले होते. “मग हा काम काय करून राहिलाय?”

शालिकजी गडव्यातलं पाणी प्यायले. गडवा खाली ठेवला. “तिथं ती बसे,” ते म्हणाले. “सूप घेऊन. तांदूळ निवडाले. दाराच्या बाजूले, भितीले टेकून.” मग म्हणाले, “गाव उठाच्या आंधीच गेली. बरं झालं, तिले पाहा नाई लागलं.”

त्यांना बायको होती हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका छपराखाली बसतो आम्ही. मी कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांच्या बोलण्यात तर जास्तीचा शब्द नसतो.

“मग घराला बाकीचं काहीच कसं नाही काढलं?” मी विचारलं. 

“बाकीच्याहिले पोट्टे हायेत, नातवं हायेत, त्याहिले दाखवाचं हाये. माह्यं घर कोनाले दाखवाचं? मी हावो तोवर मले दिसते.” आणि मशीनकडे परत जाता जाता म्हणाले, “अठरावी पात पाठवा.”

पूजेच्या दिवशी मी नवऱ्याला घेऊन मुद्दाम गेले. पाण्याच्या काठी, दोन बांबूंना ताणून फ्लेक्स बांधला होता. भांडणं झाली नाहीत. म्हणजे झाली, पण वेगळी. चिंच कुणाची ते पाहायला इतकी गर्दी झाली की पुजाऱ्याला बसायला जागा उरेना. अनसूयाबाई नातीच्या खांद्याला धरून आल्या, त्यांचं नाक फ्लेक्सला टेकलं. खचलेला गोठा सापडला तशा त्यांनी नातीला एक धपाटा घातला. “पाय, मी काय खोटं सांगत होती का वो? असाच पडला होता थो!” म्हणाल्या, आणि त्या पडक्या गोठ्यावरून पदराने पोराचं तोंड पुसावं तसा हात फिरवत राहिल्या. रडत होत्या. त्यांना पाहून मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

मग त्यांचं लक्ष शेजारच्या रिकाम्या चौकोनाकडे गेलं. “आन हे कोनाचं गा?”

“माह्यं,” शालिकजी म्हणाले.

“येवढंच?”

“येवढंच.”

म्हातारी पुढे सरकली. शालिकजी तिथेच उभे राहिले. मग त्यांनी हात वर केला आणि समोरच्या भिंतीच्या रेघेवर, मध्याच्या जरासं डावीकडे, बोट टेकवलं. फ्लेक्सवर तिथे काहीच नव्हतं, नुसती सरळ रेघ. त्या गर्दीत ती जागा आम्हा दोघांनाच ठाऊक होती. कुणीतरी प्रसादाला हाका मारत होतं. शालिकजींनी बोट काढलं नाही.

दुकानात आता सरळ रेघेवर एखादा ठोका दिसला की मी आधी गिऱ्हाइकाला विचारते, हा तुमचा आहे का? गिऱ्हाईक माझ्याकडे वेड्यासारखं पाहतं. शालिकजी वर न पाहता म्हणतात, “नाई म्हनत असन तं उडवा बाई,” आणि मी उडवते.